आधी डावीकडे

नवा साइड-स्क्रोलर, म्हणजे बाजूने दिसणारं जग आपण चालू तसं सरकत जातं असा व्हिडिओ गेम, सुरू केला की मी सगळ्यात आधी डावीकडे जाते. गेमची इच्छा काय आहे ते उघड असतं. पात्र उजवीकडे तोंड करून उभं असतं, मोकळी जागा उजवीकडे असते, उजेडही बहुतेक वेळा तिकडूनच येतो. तरी मी कंट्रोलरची स्टिक डावीकडे दाबते आणि काय होतं ते बघते. शंभरातल्या नव्वद वेळा काहीच होत नाही. दोन पावलांवर कडा असतो किंवा भिंत असते. कधी तर तेवढंही नसतं, नुसतेच पाय हलत राहतात आणि माणूस जागच्या जागी. मग मी निमूट वळते आणि सांगितलेल्या दिशेने चालू लागते.

ही खोड दादामुळे लागली.

आमच्याकडे कंट्रोलर दोन होते, पण ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये दोघांनी खेळायचं म्हणजे आळीपाळीने खेळायचं. मारिओची लाइफ गेली की लुइजीचा नंबर. दादा मारिओ, मी लुइजी, आणि दादाची लाइफ लवकर जायचीच नाही. त्यामुळे माझं बालपण हातात कंट्रोलर धरून दुसऱ्याचा खेळ बघण्यात गेलं. खेळणारा माणूस स्क्रीन बघतच नाही, हे मला तेव्हा कळलं. तो पात्राचे पाय बघतो आणि पायांच्या पुढची चार बोटं जागा बघतो. उरलेला सगळा स्क्रीन बघणाऱ्यासाठी असतो. टेकड्या, ढग, झुडपं, सगळं माझं होतं. एकदा मी म्हटलं, “दादा, ढग आणि झुडूप एकच आहे. फक्त रंग वेगळा दिलाय.” “मध्ये बोलू नकोस,” असं म्हणेपर्यंत त्याची लाइफ गेली. त्याचं खापर माझ्यावर फुटलं, पण नंबर माझा आला.

ढग आणि झुडूप खरंच एकच होतं, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. त्या अख्ख्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेम ज्या डबीत यायचा तिच्यात, जागा होती ४० किलोबाइट. आज फोनमधला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो. तेव्हा तोच आकार वर पांढरा करून ढग म्हणून वापरायचा आणि खाली हिरवा करून झुडूप म्हणून. मला त्यात काटकसरीपेक्षा मिश्कीलपणा जास्त दिसतो, पण ते असो.

माझा नंबर आला की मी डावीकडे जायचे. हा माणूस आला कुठून, एवढंच मला बघायचं होतं. याचं घर कुठे असेल? लुइजी स्क्रीनच्या काठाला जाऊन टेकायचा आणि तिथेच अडायचा. पुढे गेल्यावर तर आणखी विचित्र. १९८५च्या त्या गेममध्ये स्क्रीन फक्त पुढे सरकतो. जे डाव्या काठाआड गेलं ते गेलं. मागे एखादं नाणं राहिलं, एखादी वीट फोडायची राहिली, तरी परत जाता येत नाही. मागचं जग पुसत पुसत गेम पुढे नेतो. दादाला याचं कधीच काही वाटलं नाही. मला मात्र सुटलेल्या नाण्यांची रुखरुख लागायची.

आता गेमच्या परीक्षणांत ‘लीनिअर’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा येतो. सरळसोट, एकाच वाटेचा, नाकासमोर चालणारा. आणि ‘एक्सप्लोरेशन’ला, म्हणजे मनाला येईल तिकडे शोधत फिरायला, भरपूर वाव आहे म्हटलं की ती आपोआप स्तुती ठरते. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, कारण मी डावीकडे जाणाऱ्यांतली. पण मारिओची पहिली लेव्हल पुन्हा नीट पाहिली आणि मत जरा हललं. मारिओ डावीकडे उभा, समोर मोकळं आकाश. चार पावलांवर चकाकणारं प्रश्नचिन्ह. त्याच्याखालून येतो तो भुवया आक्रसलेला मशरूमसारखा प्राणी. एक अक्षर न लिहिता उडी मारायला शिकवलेलं आहे, आणि घाबरून मारलेली उडी वरच्या ठोकळ्यावर आपटली की बक्षीस मिळतं हेही. हे जमतं ते क्रम पक्का असल्यामुळे. विनोद सांगताना शेवटचं वाक्य आधी ऐकायची मुभा दिली तर विनोद उरतो का? मारिओची पहिली लेव्हल चांगल्या सांगितलेल्या विनोदासारखी आहे. तिला क्रम लागतो.

आणि त्या सरळ रेषेतही खोडी आहेच. दुसरी लेव्हल जमिनीखालची. वर विटांचं छत, खाली विटांची जमीन, मधून पळायचं. शेवटाकडे छतावर चढता येतं आणि मग स्कोअरच्या आकड्यांना डोकं लागेल इतक्या वरून पळत, बाहेर पडायच्या नळीच्या पुढे जाऊन थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या दुनियेत, म्हणजे पुढच्या लेव्हलच्या गटात, नेणाऱ्या नळ्या सापडतात. दादाला ते सापडलं त्या दिवशी आम्ही दोघंही ओरडलो होतो. वहीत अक्षरं शिरोरेघेखाली टांगलेली असतात. कुणीतरी त्या शिरोरेघेवर चढून ओळीबाहेर चालत गेल्यासारखं ते होतं. दिशा उजवीच, पण ओळ मोडलेली.

याच्या तीन वर्षं आधीचा ‘पिटफॉल’ मी मोठेपणी खेळले. डेव्हिड क्रेनने अटारी २६०० या घरगुती कन्सोलसाठी १९८२ साली केलेला. त्यात तर सुरुवातीपासून दोन्ही दिशा खुल्या! २५५ स्क्रीन, आणि ते गोल फिरून पुन्हा पहिल्यापाशी येतात. वीस मिनिटांत बत्तीस खजिने शोधायचे. गंमत म्हणजे ओंडके नेहमी उजवीकडून डावीकडे गडगडत येतात, त्यामुळे डावीकडे पळालं तर ते अंगावर येण्याऐवजी आपल्याच दिशेने जातात आणि काम सोपं होतं. म्हणजे माझ्यासारखीला अगदी आंदण दिलेला गेम. तरी अर्ध्या तासात कंटाळा आला. ते २५५ स्क्रीन कुणी एकेक करून मांडलेले नाहीत. एका छोट्या गणिती युक्तीने एका आकड्यावरून पुढचा आकडा निघतो आणि आकड्यातून स्क्रीन ठरतो: इथे खड्डा, इथे विंचू, इथे दोर. चार किलोबाइटमध्ये एवढं जंगल बसवणं ही करामत आहे, त्याला सलामच. पण पुढच्या स्क्रीनवर मला कुणी काही सांगणार नाही, हे एकदा लक्षात आल्यावर पाय रेंगाळू लागले. डावीकडे जायला मिळणं आणि डावीकडे काहीतरी असणं यात फरक आहे.

तो फरक ‘मेट्रॉइड’ने १९८६ साली पहिल्याच मिनिटाला दाखवला. नेहमीप्रमाणे उजवीकडे निघालात तर थोड्याच अंतरावर एक बोगदा लागतो, इतका बुटका की उभ्या माणसाला त्यात शिरता येत नाही. वाकता येत नाही, सरपटता येत नाही. मग परत फिरायचं, जिथून निघालो ती जागा ओलांडून डावीकडे जायचं. तिथे एक गोळा ठेवलेला असतो. तो घेतला की गेमच्या नायिकेला, सामूसला, अंगाचं मुटकुळं करून चेंडूसारखं गडगडत जाता येतं. आता बोगदा जमतो. मारिओने एका वर्षात ज्यांना उजवीकडे पळायची सवय लावली, त्यांना या गेमने दुसऱ्याच वर्षी ‘मागे फीर’ म्हणून सांगितलं. आणि माझ्यासारखे जे आधीच डावीकडे गेले त्यांच्या हातात बोगदा दिसायच्या आधीच किल्ली. तो गोळा पहिल्यांदा घेतला तेव्हा मला कुणीतरी माझी वाट बघत बसलं होतं असं वाटलं.

पण पुढे या गेमने माझे हाल केले. नकाशा नाही. खडक सगळे सारखे. एकच उभी विहीर, तिला डावी-उजवीकडे तसेच दरवाजे, आणि दर दहा मिनिटांनी ‘इथे मी आले होते का?’ शेवटी चौकटीची वही काढली. एक चौकट म्हणजे एक स्क्रीन. दरवाजाला आडवी रेघ, न जमलेल्या वाटेला फुली, आणि फुलीशेजारी ‘इथे उंच उडी लागेल’ अशी टीप. वहीचं पान भरत गेलं तसं कळलं की मी खेळत होते ते जगात कमी आणि त्या पानावर जास्त. शोध म्हणजे पुढे जाणं असं म्हणतात. मला तर शोध म्हणजे आठवण ठेवणं वाटतं. न उघडलेला दरवाजा डोक्यात बाळगून फिरायचं, आणि तीन तासांनी नवी शक्ती हाती आली की ‘अरे, तो दरवाजा!’

याच कुळातल्या गेमना पुढे ‘मेट्रॉइडव्हेनिया’ असं तोंडात न मावणारं नाव पडलं. नावातला दुसरा अर्धा भाग ‘कॅसलव्हेनिया’ या गेममालिकेचा, मुख्यतः १९९७च्या ‘सिंफनी ऑफ द नाइट’मुळे. सबंध किल्ला पालथा घालायचा, नकाशाची टक्केवारी भरत आणायची, आणि शंभराच्या आसपास पोचलो, झालं आता, असं वाटतं तेव्हा अख्खा किल्ला उलटा होऊन पुन्हा समोर येतो. छत खाली, जमीन वर. जिन्यांचं पोट दिसतं. टक्केवारी दोनशेच्या वर जाते. एवढा निर्लज्ज आळस आणि एवढी थोर कल्पना एकाच वेळी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

एक कबुली द्यायला हवी. या मोकळ्या म्हणवणाऱ्या गेममध्येही वाट बऱ्याचदा एकच असते. उंच उडी मिळाल्याशिवाय वरचा दरवाजा नाही, वरच्या दरवाजाशिवाय पुढची शक्ती नाही. दोऱ्याचा गुंता करून ठेवला तरी दोरा एकच. मारिओत तो ताणून ठेवलेला, इथे गुंडाळलेला. गुंता सोडवल्याचा आनंद खरा असतो, त्यात फसवणूक नाही. पण सरळसोट गेमला नाक मुरडताना हे विसरू नये.

सरळ वाटेच्या गेमनेही डावीकडचा उपयोग किती परीने केला आहे! १९९१चा ‘अनदर वर्ल्ड’ घ्या. एरिक शाहीने अमिगा नावाच्या संगणकावर जवळपास एकट्याने केलेला. सोळा रंग, सपाट बहुकोन, चेहऱ्यांना नाक-डोळे म्हणावेत असं काही नाही. स्क्रीनवर स्कोअर नाही, लाइफ किती उरल्या तेही नाही. नायक पाण्याखाली उगवतो, आणि ‘वा, काय निळं आहे’ म्हणत बसलात तर खालून शुंडा येऊन ओढून नेतात. पाण्यातून वर आलं की मागच्या खडकावर एक काळं जनावर उभं दिसतं. क्षणभर. मग ते निघून जातं. गेम त्याबद्दल काही बोलत नाही. आपण उजवीकडे जातो, जमिनीवरच्या जळवा चुकवतो, एकेक स्क्रीन मागे टाकतो, आणि अचानक तेच जनावर समोर उडी घेतं. पुढे वाट नाही. तेव्हा बोटं आपोआप उलटी वळतात आणि आपण धावत सुटतो, डावीकडे, आलो त्याच स्क्रीनमधून, तळ्यापर्यंत आणि तळ्याच्याही पलीकडे. कड्यावरून उडी मारल्यावर हाताला वेल लागते. झोका घेऊन आपण परत मागे येतो, जनावर पुढे निघून जातं, आणि आता पुन्हा उजवीकडे.

वाट एकच आहे. तसूभरही इकडेतिकडे होता येत नाही. तरी ही पाच मिनिटं मला कित्येक मोकळ्या नकाशांपेक्षा मोठी वाटतात, कारण मागच्या खडकावरचं ते जनावर मी आधी पाहिलं होतं. पाय पोचायच्या आधी डोळा पोचला होता. दादा खेळत असता तर त्याला ते दिसलंच नसतं, याची मला खात्री आहे.

चित्राची शैली म्हणतात ती इथे कामाला येते. शैली म्हणजे सजावट अशी माझी समजूत होती; पिक्सेल आवडतात की जलरंग, ज्याची त्याची आवड. पण साइड-स्क्रोलरमध्ये चित्र एक फार व्यवहारी काम करतं. कशावर उभं राहता येईल, कशाने मराल आणि काय नुसतं बघायचं आहे, हे ते सांगतं. १९८२च्या ‘मून पेट्रोल’मध्ये जमीन भरभर सरकते, टेकड्या सावकाश, त्यामागचे डोंगर त्याहून सावकाश. पॅरॅलॅक्स म्हणतात ते हेच; धावत्या गाडीच्या खिडकीतून दिसतं तसं. त्याने खोली दिसते, आणि खोलीबरोबर एक हुरहुर येते. त्या डोंगरावर मला कधीच जाता येणार नाही. मी ज्या पट्टीवर चालते आहे ती चार बोटं रुंद आहे, आणि जग तिच्यामागे पसरलेलं आहे.

ती पट्टी मोडून मागे शिरायची सोय एका गेमने केली होती, आणि तोही मारिओच. तिसऱ्या भागात, १९८८ साली, गेम सुरू होतो तोच पडदा वर जाऊन. मागच्या रंगीत ठोकळ्यांना खिळे मारलेले दिसतात, ठोकळ्यांची सावली आकाशावर पडते. म्हणजे हे नाटकाचं नेपथ्य आहे. पहिल्या दुनियेच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये एका पांढऱ्या ठोकळ्यावर उभं राहून खाली दाबून धरायचं. थोड्या वेळाने मारिओ ठोकळ्याच्या मागे पडतो आणि चक्क नेपथ्यामागून पळू लागतो. लेव्हलच्या शेवटीही मागूनच पुढे गेलं तर एक जादूची शिट्टी मिळते. डावं नाही, उजवं नाही, आत! मला हे सांगणारा माणूस थापा मारतो आहे अशी माझी खात्री होती.

‘लिंबो’ने २०१० साली याच्या बरोबर उलट केलं. रंग काढून घेतले. काळं, राखाडी आणि धुकं. मुलगा काळा, झाड काळं, गवत काळं, आणि गवतात उघडा पडलेला सापळाही काळाच. त्यामुळे चित्र जे काम करतं म्हणून मी वर सांगितलं, ते इथे मुद्दाम अर्धवट ठेवलेलं आहे. झाडाचं खोड समजून ज्याच्याजवळ जावं तो कोळ्याचा पाय निघतो. पहिल्यांदा त्या पायाने मला भोसकलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून पाणी प्यायला गेले. मुलाचे फक्त डोळे पांढरे. मेला की ते विझतात. एकही शब्द नाही, तरी विझलेले डोळे पुरेसे होतात.

वाट इथेही एकच, उजवीकडे. पण सुरुवातीला मुलगा जंगलात उठून बसतो तेव्हा मी अर्थात डावीकडे गेले. थोडं चालल्यावर जमिनीवर एक चमकतं अंडं दिसलं. त्यावर पाय पडला, ते फुटलं, आणि बक्षिसाची पट्टी आली. त्यावर नाव होतं, ‘चुकीची दिशा’. मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या न दिसणाऱ्या भिंतीचं उत्तर कुणीतरी दिलं होतं. बनवणाऱ्यांपैकी कुणालातरी ठाऊक होतं की आमच्यासारखे असतात, आणि त्याने तिथे, कुणी जायचं कारण नाही अशा जागी, एक अंडं ठेवलं.

त्याच गेममध्ये एक जळूही आहे, वरून टपकन डोक्यावर पडणारी, पांढरट चमकणारी. ती चिकटली की मुलगा एकाच दिशेने चालत राहतो. आपल्याला उडी मारता येते, वेग थोडा कमी-जास्त करता येतो, पण थांबता येत नाही, वळता येत नाही. समोर दरी असली तरी. उजेडाचा झोत अंगावर पडला तरच दिशा बदलते, आणि छताला लटकलेल्या प्राण्यांनी ती जळू खाऊन टाकली तर सुटका. ‘नाकासमोर चालणे’ याचा इतका भयाण अर्थ मी दुसरीकडे पाहिला नाही. आणि मग लक्षात येतं की जळू नसतानाही मी उजवीकडेच तर चालले होते.

त्याच मंडळींच्या २०१६च्या ‘इनसाइड’मध्ये तर रांगच आहे. भान हरपलेली माणसं एका ओळीत चालताहेत आणि लाल शर्टातला मुलगा पकडला जाऊ नये म्हणून त्यांच्यात मिसळून चालतो. ते थांबले की थांबायचं, त्यांनी उडी मारली की उडी. एक पाऊल चुकलं की संपलं. मी तिथे तीन वेळा मुद्दाम चुकले. चौथ्यांदा बरोबर चालले आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

डावीकडे जाण्याचा सगळ्यात हुशार वापर मात्र ‘ब्रेड’मध्ये आहे, २००८चा. त्याच्या एका दुनियेत आपण उजवीकडे चाललो की काळ पुढे सरकतो आणि डावीकडे चाललो की मागे. थांबलो की सगळं थांबतं. मेलेला शत्रू डावीकडे चाललं की उठून उभा राहतो. म्हणजे ‘मागे’ या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांनी एकत्र बांधून टाकले. यात एक मजा आहे. जपानी चित्रगुंडाळ्या, एमाकी, उजवीकडून डावीकडे उलगडत बघायच्या असतात. मांगाही तशीच वाचतात. त्यांच्यासाठी पुढचं डावीकडे. तरी त्याच देशातला मारिओ उजवीकडे पळतो. आपल्याला तर बाराखडीपासून उजवीकडे सरकायची सवय, त्यामुळे आपल्याला हे विचित्र वाटतच नाही.

देखणेपणाबद्दल एक तक्रार आहे, ती करून टाकते. ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ (२०१५) इतका सुंदर आहे की थांबून बघत राहावं. आणि त्यात एका झाडाच्या आतून वर पळायचं असतं, खालून पाणी चढत येतं. मी तिथे किती वेळा मेले ते सांगत नाही. उजेड, ठिणग्या, पानं, फेस, आणि त्या सगळ्यात काटे. काटे आहेत हे मेल्यावर कळायचं. चित्रकाराला आपलं काम दाखवायचा मोह आवरला नाही की खेळणाऱ्याचा जीव जातो. ‘ग्रिस’मध्ये (२०१८) मरणच नसल्यामुळे तो प्रश्न येत नाही, तिथे रंग एकेक करून जगात परत येतात, आधी लाल, आणि कागदावर शाई पसरावी तसे येतात. बघायला अप्रतिम. हाताला मात्र फार काम नाही. एका रात्रीत संपवला, पुन्हा उघडला नाही.

सौंदर्य आणि वाट यांचं नीट जमलेलं लग्न मला ‘हॉलो नाइट’मध्ये दिसलं. २०१७चा, ऑस्ट्रेलियातल्या अगदी छोट्या चमूने हाताने चितारलेला. प्रत्येक भागाचा रंग वेगळा: शेवाळलेला हिरवा, स्फटिकांचा गुलाबी, सतत पाऊस पडणाऱ्या शहराचा निळा. त्यामुळे कुठे आहोत ते डोळ्यांनाच कळतं. आणि नकाशाची गोष्ट तर विलक्षण. नव्या भागात शिरलात की तुमच्याकडे नकाशा नसतो. कुठूनतरी गुणगुणणं ऐकू येतं. जमिनीवर कागद पडलेले दिसतात. त्यांच्या मागावर गेलं की एक जाडगेला नकाशावाला बसलेला सापडतो आणि अर्धामुर्धा नकाशा विकतो. उरलेला आपण भरायचा. त्यासाठी त्याच्या बायकोच्या दुकानातून लेखणी विकत घ्यायची, आणि तरीही फिरता फिरता काही उमटत नाही. बाकावर जाऊन बसलं की मगच फिरलेला भाग कागदावर येतो. आपण कुठे आहोत ती खूण हवी असेल तर होकायंत्राचा ताईत वेगळा, आणि तो घातला की दुसऱ्या एखाद्या ताईताची जागा जाते. माझी चौकटीची वही कुणीतरी गेममध्ये ठेवली होती.

एका रात्री मी त्यात चुकीच्या जागी पडले आणि ‘डीपनेस्ट’ नावाच्या भागात पोचले. पडल्यावर वर जायची वाट नाही. अंधार, भिंतीत सळसळ, जमिनीखालून काहीतरी खणत जाणारं. नकाशा नाही, बाक कुठे ते माहीत नाही. मारलेला प्राणी पुन्हा उठून आला, अंगातून पाय फुटून. मेलं की पैसे आपल्या सावलीजवळ तिथेच राहतात आणि ते आणायला त्याच अंधारात परत जावं लागतं, म्हणून मी श्वास रोखून चालले होते. तेवढ्यात समोरच्या बोळात कुणीतरी उभं दिसलं. छोटं, पांढऱ्या मुखवट्याचं, दोन शिंगांचं. माझ्यासारखंच. मी जवळ गेले तसं ते पळालं. पुढच्या वळणावर पुन्हा उभं. पुन्हा पळालं.

चकवा लागणं म्हणतात ते हेच. रानात तीच तीच वाट, आणि कुणीतरी ओळखीचं पुढे चाललेलं. मला माहीत होतं की त्याच्यामागे जाऊ नये. नकाशा नाही, जीव दोन ठिपके उरलेला, पैसे भरपूर. शहाणा माणूस उलटा फिरला असता. मी गेले. ते पुढे काय निघालं ते न खेळलेल्यांसाठी ठेवते. रात्री अडीचला मी दिवा लावून बसले होते एवढं सांगते. त्या जागी मला कुणी ढकललं नव्हतं. बाण नव्हता, पाटी नव्हती, भिंतही नव्हती. फक्त माझ्यासारखं दिसणारं एक चित्र होतं.

परवा दादा राहायला आला होता. त्याने कित्येक वर्षांत काही खेळलेलं नाही. मी ‘अ‍ॅनिमल वेल’ लावला होता, बिली बासो नावाच्या माणसाने एकट्याने, गेम चालवणारं इंजिनही स्वतःच लिहून, सात वर्षांत केलेला, २०२४चा. सगळा गेम चाळीस मेगाबाइटसुद्धा भरत नाही. एक मऊसा गोळा अंधाऱ्या विहिरीत फिरतो, ठिपक्याठिपक्यांचं चित्र, पण त्यात उजेड पाण्यासारखा हलतो. भिंत आहे की वाट, हे अंगाने चाचपूनच कळतं. दादा मागे खुर्चीत बसून बघत होता. मी एका उडीवर अडकले होते, डोळे त्या गोळ्याच्या पायांवर, म्हणजे पाय जिथे असायला हवेत तिथे.

“थांब. डावीकडे काहीतरी हललं.”

“मध्ये बोलू नकोस,” मी म्हटलं, आणि खाली पडले.

परत वर आले तेव्हा उडी सोडून डावीकडे गेले. वेली होत्या, त्यांच्यामागे दगड. भिंतीला अंग घासत दोन वेळा गेले, उडी मारून पाहिली, खाली दाबून पाहिलं.

“काही नाहीये,” मी म्हटलं.

“होतं,” दादा म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.